संगणकाची दोन घड्याळे

पुढील उदाहरण सोडवून पाहा. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला एक प्रश्न पाठविला. पाठविताना त्याच्या घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९.९९५ सेकंद झाले होते. उत्तर आले तेव्हा त्याच घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९.००७ सेकंद झाले होते. तर उत्तर मिळण्यास किती वेळ लागला?

वजाबाकी सोपी आहे. नंतरच्या वेळेतून आधीची वेळ वजा करावयाची. उत्तर येते उणे ०.९८८ सेकंद. म्हणजे प्रश्न विचारण्यापूर्वी जवळजवळ एक सेकंद आधीच उत्तर मिळाले! तुम्ही म्हणाल, आकडे छापताना काहीतरी चुकले असावे. पण चूक छपाईची नाही. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, प्रकार मात्र अगदी खरा आहे. १ जानेवारी २०१७ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत असताना, काही संगणकांनी अशीच वजाबाकी केली आणि त्यापायी त्यांचे काम बंद पडले. घड्याळ बिघडलेले नव्हते, आणि वजाबाकीही बरोबर होती. मग चुकले कोठे? त्याचाच आज आपण विचार करू.

दोन निरनिराळे प्रश्न

‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ लागला?’ हे दोन प्रश्न आपण एकाच घड्याळाला विचारतो, म्हणून ते सारखेच वाटतात. प्रत्यक्षात ते फार वेगळे आहेत.

प्रयोगशाळेतील साध्या लोलकाचा प्रयोग आठवा. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजण्यासाठी आपण विरामघड्याळ घेतो. ते शून्यावर आणतो, कळ दाबतो, आंदोलने मोजतो आणि पुन्हा कळ दाबतो. त्या घड्याळाला सकाळ आहे की संध्याकाळ, आज सोमवार आहे की गुरुवार, याचा पत्ताही नसतो. आपल्याला त्याची गरजही नसते. त्याची चाल सारखी असली आणि मध्येच कोणी त्याचा काटा फिरविला नाही, म्हणजे झाले.

उलट शाळेच्या भिंतीवरील घड्याळ पाहा. ते पाच मिनिटे मागे पडले असेल तर शिपाई खुर्चीवर चढून काटा पुढे सारतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण त्या घड्याळाचे काम इतरांच्या घड्याळांशी जुळून राहण्याचे आहे. पण समजा, त्याच घड्याळावर कोणी शर्यतीची वेळ मोजत असेल आणि शर्यत चालू असतानाच शिपायाने काटा फिरविला, तर? धावणाऱ्याच्या नावावर पाच मिनिटे उगाच चढतील.

संगणकातही अशी दोन घड्याळे असतात. एक भिंतीवरच्या घड्याळासारखे, दुसरे विरामघड्याळासारखे. पहिले तारीख आणि वेळ सांगते. दुसऱ्याला इंग्रजीत ‘मॉनोटॉनिक क्लॉक’ असे नाव आहे. एकाच दिशेने जाणारे, कधीही मागे न येणारे, असा त्याचा अर्थ. या लेखापुरते आपण त्याला ‘एकदिश घड्याळ’ म्हणू.

स्फटिकाची कंपने

दोन्ही घड्याळांचे मूळ एकच आहे. संगणकात क्वार्ट्‌झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, एक लहानसा स्फटिक असतो. त्याला विद्युत्‌दाब दिला की तो ठरावीक वारंवारतेने कंप पावतो. मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण २ चा १५ वा घात करून पाहा, तो बरोबर एवढाच येतो. म्हणून पंधरा वेळा निम्मे करीत गेले की सेकंदाला एक ठोका मिळतो.

संगणकातील एक मंडल अशा कंपनांची मोजदाद करीत राहते. ही मोजदाद फक्त वाढत जाते. संगणक सुरू झाल्यापासून किती कंपने झाली हे कळले, आणि एका सेकंदात किती कंपने होतात हे ठाऊक असले, की भागाकार करून सेकंद मिळतात. एकदिश घड्याळ ते हेच.

तारीख-वेळ सांगणाऱ्या घड्याळासाठी मात्र एवढे पुरत नाही. मोजदाद सुरू झाली तेव्हा किती वाजले होते, ही माहिती बाहेरून घ्यावी लागते. ती संगणकातील बटणाएवढ्या विद्युत्‌घटावर चालणाऱ्या लहान घड्याळातून मिळते, किंवा जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाला विचारून मिळते. अनेक संगणक १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून किती सेकंद झाले, या हिशेबाने ही वेळ ठेवतात.

शिवाय स्फटिकाची चाल अगदी अचूक नसते. तापमान बदलले की तीही थोडी बदलते. दहा लाखात वीस भाग एवढी चूक साध्या स्फटिकात सहज असू शकते. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे रोज सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडेल. महिन्याभरात पाऊण मिनिटाहून अधिक. म्हणून संगणक वरचेवर जाळ्यावरून खरी वेळ विचारतो आणि स्वतःची सुधारतो. त्यासाठी डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने तयार केलेली ‘एन. टी. पी.’ ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. फरक थोडा असेल तर घड्याळाची चाल जराशी जलद किंवा मंद करून तो हळूहळू भरून काढतात. फरक मोठा असेल तर काटा एकदम पुढे किंवा मागे सारतात, आपल्या शिपायाप्रमाणेच.

एकसष्ट सेकंदांचे मिनिट

काटा मागे सारण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते थेट पृथ्वीच्या गतीत आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवरून केली जाते. त्या अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. अणू आपली लय बदलत नाही. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मात्र तितके नियमित नाही. त्यामुळे अणुघड्याळ आणि पृथ्वीचा दिवस यांत हळूहळू अंतर पडते. ते एका सेकंदाच्या आत राहावे म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद जादा धरण्याची प्रथा सुरू झाली. पंचांगात अधिक मास येतो, तसा हा अधिक सेकंद! इंग्रजीत त्याला ‘लीप सेकंद’ म्हणतात. १९७२ ते २०१६ या काळात असे २७ सेकंद घालण्यात आले. शेवटचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस आला. ग्रीनिचच्या हिशेबाने तेव्हा मध्यरात्र होती. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला आला.

त्या मिनिटात ६१ सेकंद होते. ५९ व्या सेकंदानंतर ६० क्रमांकाचा सेकंद, आणि मग पुढचे मिनिट. पण १९७० पासून सरळ सेकंद मोजणाऱ्या संगणकाच्या हिशेबात अशा जादा सेकंदाला जागाच नाही. प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा, असे तो धरून चालतो. म्हणून अनेक संगणकांत अशी युक्ती केलेली असते, की जादा सेकंद सुरू होताच घड्याळ एक सेकंद मागे घ्यावयाचे. ५९ वा सेकंद दोनदा मोजला जातो आणि हिशेब जुळतो.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे वळा. प्रश्न पाठविला तो ५९.९९५ सेकंदांना. त्यानंतर ५ सहस्रांश सेकंदांनी घड्याळ एक सेकंद मागे आले. आणखी ७ सहस्रांश सेकंदांनी उत्तर आले, तेव्हा घड्याळात ५९.००७ दिसत होते. खरा वेळ लागला फक्त १२ सहस्रांश सेकंद. वजाबाकीने सांगितले उणे ९८८.

त्या पहाटे काय झाले?

क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगातील फार मोठ्या संख्येच्या संकेतस्थळांची वाहतूक सांभाळते. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टंकलिखित केले की त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो. टेलिफोनच्या पुस्तकात नावावरून क्रमांक शोधावा, तसेच हे काम. कंपनीच्या संगणकांना हा पत्ता कधी कधी दुसऱ्या संगणकांकडून मागवावा लागे. अशा वेळी कोणाकडून उत्तर लवकर मिळते हे पाहण्यासाठी प्रत्येकाला लागलेला वेळ मोजून ठेवीत. मोजणी तारीख-वेळ सांगणाऱ्या घड्याळाने होत असे.

या मोजमापातून आलेला आकडा पुढे यदृच्छ संख्या निवडणाऱ्या एका फलनाला दिला जाई. ते फलन ‘शून्यापासून या आकड्यापर्यंतची कोणतीही एक संख्या दे’ अशा प्रकारचे काम करते. साहजिकच त्याला दिलेला आकडा धन असावा लागतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आकडा शून्य आला तर काय करावे याची तरतूद केली होती. पण वेळ उणे येईल असे कोणाच्या मनात आले नव्हते. त्या पहाटे तो उणे आला, फलनाने काम नाकारले आणि आज्ञावली कोसळली.

कंपनीनेच नंतर प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे, बिघाड अगदी भरात असताना पत्त्यांच्या चौकशीपैकी सुमारे ०.२ टक्के चौकशींवर त्याचा परिणाम झाला. हा आकडा लहान वाटेल. पण चौकशींची एकूण संख्या अफाट असते, आणि ज्याचे पान उघडत नाही त्याला टक्केवारीशी काय करावयाचे? सर्व ठिकाणची दुरुस्ती पुरी होईपर्यंत आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा वाजले. दुरुस्ती मात्र एका चिन्हाची होती. ‘आकडा शून्य असेल तर’ याऐवजी ‘आकडा शून्य किंवा त्याहून कमी असेल तर’ असे लिहिण्यात आले.

ही मलमपट्टी झाली. मूळ दुखणे चुकीच्या घड्याळावर वेळ मोजण्याचे होते. ती आज्ञावली ‘गो’ या संगणकभाषेत लिहिलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या भाषेची १.९ ही आवृत्ती आली. तीत वेळ विचारली की संगणक दोन्ही घड्याळांचे आकडे एकत्र टिपून ठेवतो, आणि वजाबाकी करताना एकदिश घड्याळाचे आकडे घेतो. घटनेपेक्षा हा धडा अधिक मोलाचा.

बीजगणिताने पाहू

एकदिश घड्याळातील आकड्याला म म्हणू. त्यात जी रक्कम मिळविल्यावर तारीख-वेळ मिळते, तिला क म्हणू. म्हणजे

तारीख-वेळ = म + क

आरंभीचे आकडे म१ आणि क१, अखेरचे म२ आणि क२ असतील तर तारीख-वेळेतील फरक असा येईल :

(म२ − म१) + (क२ − क१)

पहिला कंस म्हणजे खरोखर लागलेला वेळ. दुसरा कंस म्हणजे मधल्या काळात घड्याळात केलेली दुरुस्ती. क बदलला नाही तर दुसरा कंस शून्य होतो आणि उत्तर बरोबर येते. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. क बदलला की ती उघडी पडते. आपल्या उदाहरणात पहिला कंस ०.०१२ आणि दुसरा उणे १, म्हणून उणे ०.९८८.

याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासातही सापडते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. तरीही मुंबईत त्यानंतर कित्येक वर्षे काही ठिकाणी जुनी मुंबईची वेळ पाळली जात होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. समजा, एक गृहस्थ प्रमाणवेळेच्या घड्याळात १० वाजता निघाले आणि वीस मिनिटे चालून मुंबईच्या वेळेच्या घड्याळापाशी पोहोचले. तेथे ९ वाजून ४१ मिनिटे झालेली दिसली. वजाबाकीने चालण्यास उणे १९ मिनिटे लागली! येथेही वीस हा पहिला कंस आणि उणे ३९ हा दुसरा.

आपल्या पूर्वजांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले होते असे म्हणता येईल. घटिकापात्र तुम्ही चित्रात पाहिले असेल. तळाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर तरंगत ठेवावयाचे. ते एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, भरून बुडते. किती वेळा बुडाले ते मोजावयाचे. सूर्योदयापासून मोजणी सुरू केली की मग आभाळ भरून आले तरी हरकत नाही. बुडालेल्या पात्रांची संख्या कधी कमी होत नाही. हे एकदिश घड्याळच होय.

नुसते मोजणेच नव्हे, थांबणेही

वेळ मोजण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे ठरावीक वेळ थांबणे. समजा, एका गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा पंप वीस मिनिटे चालवून बंद करण्याचे काम एका लहान संगणकाकडे दिले आहे. पंप १० वाजता सुरू झाला. ‘घड्याळात १० वाजून २० मिनिटे झाली की बंद कर’ असे त्याला सांगितले, आणि १० वाजून ५ मिनिटांनी कोणी घड्याळ एक तास मागे केले, तर पंप एकूण एक तास वीस मिनिटे चालेल. टाकी वाहील आणि पंपही तापेल. घड्याळ एक तास पुढे केले तर पंप पाचच मिनिटांत बंद पडेल. ‘मोजदाद १,२०० सेकंदांनी वाढली की बंद कर’ असे सांगितले, तर भिंतीवर काहीही होवो, पंप वीस मिनिटेच चालेल. पंपाच्या जागी रुग्णाला औषध देणारे यंत्र किंवा आगगाडीचा सिग्नल आहे अशी कल्पना करा, म्हणजे या साध्या भेदाचे मोल ध्यानात येईल.

एकदिश घड्याळाच्या मर्यादा

मग सगळीकडे एकदिश घड्याळच का वापरू नये? कारण त्याच्याही मर्यादा आहेत.

एक म्हणजे त्याचा शून्यबिंदू मनमानी असतो. बहुधा संगणक सुरू झाल्याचा क्षण शून्य धरतात. म्हणून ‘परीक्षा ३ मार्चला ११ वाजता’ हे त्याला समजत नाही. उंची समुद्रसपाटीपासून मोजा की शाळेच्या ओट्यापासून, दोन मजल्यांतील अंतर तेवढेच येते. तसेच येथे फक्त फरकाला अर्थ आहे.

दुसरे, दोन संगणकांच्या एकदिश घड्याळांची तुलना करता येत नाही. तुमचा संगणक सकाळी सुरू झाला आणि माझा गेल्या आठवड्यात, तर दोन्ही आकड्यांच्या वजाबाकीला काही अर्थ नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरीही तीच गत.

तिसरे, संगणक ‘झोपतो’ तेव्हा काही ठिकाणी ही मोजदाद थांबते. लिनक्स या प्रणालीत म्हणून दोन प्रकार ठेवले आहेत : झोपेचा काळ न मोजणारा आणि मोजणारा. काम पाहून निवड करावी लागते.

चौथी मर्यादा मोजदादीच्या पेटीच्या आकाराची. मोटारीचा अंतरमापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसे संगणकाच्या मोजदादीचेही होते. ३२ द्विमान अंकांच्या पेटीत सेकंदाचे सहस्रांश मोजले तर ती सुमारे ४९.७ दिवसांत भरते. २ चा ३२ वा घात काढून त्याला ८,६४,००,००० ने भागून पाहा. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ विमानवाहतूक नियंत्रण केंद्रात याच प्रकारची मोजदाद वापरलेली होती. म्हणून दर तीस दिवसांनी तेथील यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा दंडक होता. २००४ मध्ये एकदा ते राहून गेले. १४ सप्टेंबर रोजी मोजदाद संपली, यंत्रणा बंद पडली, पर्यायी यंत्रणाही टिकली नाही, आणि आकाशातील वैमानिकांशी नियंत्रकांचे बोलणे तुटले. काही विमाने नियमापेक्षा एकमेकांच्या जवळ आली. सुदैवाने टक्कर झाली नाही. आता ६४ अंकांची पेटी वापरतात. तीतील एक अंक चिन्हासाठी राखून उरलेल्या ६३ अंकांत सेकंदाचे अब्जांश मोजले तरी ती भरण्यास सुमारे २९२ वर्षे लागतील.

करून पाहा

१. मोबाइलवरील विरामघड्याळ सुरू करा. मग, मोबाइल ज्यांचा आहे त्यांना विचारून, तारीख-वेळेची आपोआप होणारी जुळणी बंद करा आणि वेळ दहा मिनिटे मागे न्या. परत येऊन विरामघड्याळ पाहा. ते बिनदिक्कत पुढे चालले असेल तर ते एकदिश घड्याळावर चालते. त्याने उडी घेतली असेल तर लिहिणाऱ्याने चुकीचे घड्याळ निवडले आहे. प्रयोग झाल्यावर आपोआप जुळणी पुन्हा चालू करण्यास विसरू नका.

२. घरातील क्वार्ट्‌झ घड्याळ आज जुळवून ठेवा. तीस दिवसांनी मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. फरकाला २५,९२,००० ने भागा. २६ सेकंदांचा फरक आला तर चूक दहा लाखात सुमारे दहा भाग.

३. शाळेत पायथन भाषा शिकत असाल तर तिच्यातील ‘टाइम’ या संचात ‘टाइम’ आणि ‘मॉनोटॉनिक’ अशी दोन फलने आढळतील. दोन्हींनी एकाच कामाला लागलेला वेळ मोजा. मध्येच संगणकाचे घड्याळ मागे करा आणि दोन उत्तरांची तुलना करा. मिळालेल्या फरकावरून क२ − क१ काढा.

अधिक सेकंदाचा त्रास पुढे कमी होईल असे दिसते. वजने-मापे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये, २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचे ठरविले आहे. पण घड्याळे दुरुस्त करावीच लागतील, कारण स्फटिकांची चाल चुकणारच. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कोणी आज्ञावली लिहावयास बसेल, तेव्हा प्रथम स्वतःलाच विचारावे : मला किती वाजले हे हवे आहे, की किती वेळ लागला हे? प्रश्न नीट ओळखला की घड्याळ आपोआप सापडते.